एकाला पाचशे

पोर्टनाकिलमध्ये बुकीला कोणी नावं ठेवत नसे, कारण बुकी मॅलकी टार्पी होता. आयर्लंडमधल्या डोनेगलच्या त्या किनाऱ्यावर दुसऱ्या गावातल्या बुकीने गाडी बदलली की लोक म्हणत, "आपल्याच घामाची." मॅलकीची गाडी जुनाट होती आणि तिचं मागचं दार दोरीने बांधलेलं होतं. गावातली एकही मयत त्याने चुकवली नव्हती. सरकारी बेकारभत्त्याच्या दिवशी एखादा लेकुरवाळा गडी तिसऱ्यांदा खिडकीशी आला, तर मॅलकी पैजेची चिठ्ठी न लिहिता हळूच म्हणे, "आज घोडे तुझ्यावर रुसलेत रे. घरी जा." गडी शिव्या देत जाई आणि दुसऱ्या दिवशी त्याची बायको मॅलकीच्या बायकोला रस्त्यात थांबवून उगीचच हवापाण्याच्या गप्पा मारी.

दुकान बापाचं. औषधाच्या दुकानाला खेटून, एक खिडकी, एक बाक, घोड्यांची वर्तमानपत्रं चिकटवलेली भिंत. बाप कडक होता. "बुकीने कशावर जीव लावू नये," तो म्हणायचा. "जीव लावणं हे गिऱ्हाइकाचं काम. त्याचेच तर आपण पैसे घेतो." मॅलकीला हे पटायचं, पण त्याचा स्वभाव बापाचा नव्हता. त्याला लोकांनी आपल्याला चांगलं म्हटलेलं आवडायचं. कुणाला आवडत नाही म्हणा. पण काही माणसांना ते जेवणासारखं रोज लागतं.

त्याला आणि डिम्फनाला मूलबाळ झालं नाही. यूनन गिल्डे हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. समुद्रकाठच्या गोल्फच्या मैदानावर गवत कापायचं काम करायचा. यूननची बायको बेर्नी हॉटेलात दिवसभर चादरी बदलायची, म्हणून त्यांचा फिंटन शाळा सुटल्यावर डिम्फनाच्या स्वयंपाकघरात जेवायचा. बटाटे, हॅम, पातेल्याच्या बुडाला लागलेली खीर. जेवून तो मैदानावर बापाच्या मागे पळायचा आणि अंधार पडेपर्यंत चेंडू मारत राहायचा. त्याचे पहिले बूट मॅलकीने घेऊन दिले होते, आणि ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती. म्हणजे फारशी कुणाला नाही.

फिंटन बाविसाव्या वर्षी पैशासाठी खेळणारा गोल्फर झाला तेव्हा स्वीनीच्या पबमध्ये मोठी मैफल जमली. दोन-तीन ग्लासांनंतर यूनन उभा राहिला आणि म्हणाला, "माझं पोर एक दिवस जुलैची मोठी स्पर्धा जिंकणार. लिहून ठेवा."

"लिहून ठेवायला बुकी बसलाय की इथे!" कुणीतरी ओरडलं. "मॅलकी, काय भाव देतोस?"

बाहेरच्या मोठ्या कंपन्या अशा पोरावर, जिंकण्याची आशा कमी म्हणून, एका पौंडाला दीडशे देत. मॅलकीने ग्लास खाली ठेवला, सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "गावचं पोर आहे. मी पाचशे देतो."

पब दणाणला. लोकांनी त्याची पाठ बडवून लाल केली. "याला म्हणतात माणूस!" यूननने तिथेच दहाची नोट त्याच्या छातीवर चिकटवली. त्या दिवसापासून फिंटन कुठल्याही मोठ्या स्पर्धेत उतरला की अख्खं गाव मॅलकीच्या खिडकीशी येऊन त्याच भावाने पाच, दहा, निदान एक पौंड लावून जाई. पैज म्हणून कुणी लावत नसे. शाळेतली मास्तरीण मिसेस हार्किन म्हणायची, "मेणबत्ती लावल्यासारखं आहे हे." फादर देवेनी पाच पौंड लावताना म्हणत, "हे बिशपना कळू देऊ नकोस."

फिंटन दर शुक्रवारी गळायचा. चार दिवसांच्या स्पर्धेत दोन दिवसांनंतर खालचे निम्मे खेळाडू घरी पाठवतात, त्या निम्म्यांत तो हमखास असायचा. दहा वर्षं असं चाललं. त्या नोटा डिम्फना बिस्किटांच्या डब्यात वेगळ्या ठेवायची आणि त्यांच्यावर दोघं दर सप्टेंबरात आठवडाभर स्पेनला जाऊन उन्हात बसून यायची. "फिंटनने पाठवलं आपल्याला," असं ती समुद्राकडे बघत म्हणायची आणि दोघं हसायची. त्यात वाईट असं काही दोघांनाही कधी वाटलं नाही.

त्या वर्षी फिंटन पात्रता फेरीतून कसाबसा वर आला आणि जुलैच्या मोठ्या स्पर्धेत त्याचं नाव लागलं. सोमवारी सकाळी यूनन दुकानात आला, टोपी काढली आणि खिडकीत नोटांची चवड ठेवली.

"शंभर," तो म्हणाला.

"दहा म्हणायचंय तुला."

"मला आकडे येतात, मॅलकी. बोट विकली. तिच्यातले शंभर."

मॅलकीने पेन खाली ठेवलं. त्या बोटीतून दोघांनी उभ्या जन्मात किती बांगडे काढले असतील. "बोट विकलीस? आणि मला बोलला नाहीस?"

"तू घेणार होतास का? तुला चार लाटांत उलटी होते हल्ली. घे, लिही."

"यूनन, ऐक माझं. दहा लाव. बाकीचे बेर्नीला दे."

बाकावर तिघं जण घोड्यांची पानं वाचत बसले होते. त्यातला खाटीक, पकी मक्गिन, मान वर न करता म्हणाला, "घाबरला रे! बुकी घाबरला! पाचशेचा भाव नुसता बोलण्यापुरता होता म्हणायचा."

मॅलकीचे कान तापले. "घाबरतोय कोण?" म्हणत त्याने चिठ्ठी लिहिली. शंभर पौंड, फिंटन गिल्डे, एकाला पाचशे. मग पकीनेही वीस लावले. संध्याकाळपर्यंत बातमी फिरली की यूननने बोट लावली पोरावर, आणि दर वर्षी पाच लावणारे दहा लावू लागले, दहावाले वीस. फादर देवेनीसुद्धा.

अशा वेळी शहाणा बुकी काय करतो, तर वरच्या मोठ्या बुकीकडे तीच पैज लावून आपल्या डोक्यावरचं ओझं उतरवतो. थोडा पैसा जातो, झोप लागते. बापाने संध्याकाळी आधी हेच केलं असतं. मॅलकीने डेरी शहरातल्या बड्या बुकीला लावायला फोन उचललाही. पण तिकडचा माणूस आधी हसणार, मग दीडशेच्या वर देणार नाही, म्हणजे डब्यातले सगळे पैसे त्याच्याकडे ओतूनही ओझं पुरतं उतरणार नाही. आणि कशापायी? पोर शुक्रवारी घरी येणार हे साऱ्या जगाला ठाऊक होतं. मॅलकीच्या मनात आलं की या वर्षी स्पेनला जरा बरं हॉटेल घेता येईल, खोलीतून समुद्र दिसेल असं. त्याने फोन खाली ठेवला.

गुरुवारी फिंटन बरा खेळला. शुक्रवारी जोराचा वारा सुटला आणि परदेशातले नावाजलेले गडी पत्त्यांसारखे कोसळले. वाऱ्यात वाढलेल्या फिंटनला तो घरचाच. तो गळला नाहीच, उलट वर चढला. शनिवारी संध्याकाळी पहिल्या नंबरवर दोघं बरोबरीत होते आणि त्यातला एक पोर्टनाकिलचा होता.

मॅलकी स्वयंपाकघराच्या टेबलावर पेन्सिल घेऊन बसला होता. डिम्फना ताटल्या पुसत होती.

"किती होतात?" तिने विचारलं.

"थांब जरा."

"मॅलकी. किती?"

"घर. दुकान. आईचं शेत." त्याने पेन्सिल ठेवली. "आणि वर थोडं कर्ज."

तिने हातातली ताटली दुसऱ्यांदा पुसली. मग तिसऱ्यांदा.

त्याने डेरीला फोन लावला. तिकडचा माणूस हसला नाही, हेच त्याला जास्त लागलं. "आता एकाला सहा चाललाय," तो म्हणाला. "वीसेक हजार आण, तुझं निम्मं ओझं उतरवतो."

"वीस हजार असते तर तुला फोन केला असता का?"

"मग प्रार्थना कर, बाबा. कुठल्या बाजूने करायची ते तू ठरव."

रविवारी चर्चमागच्या सभागृहात मोठा टीव्ही आणून ठेवला होता. न जाऊन चाललं नसतं, सगळ्यांच्या नजरेत आलं असतं. मॅलकी आणि डिम्फना आत शिरली तसा टाळ्यांचा कडकडाट झाला. यूननने पहिल्या रांगेत आपल्याशेजारी जागा धरली होती.

"मॅलकी, घर झाडून ठेव रे, मी उद्या राहायला येतोय!"

"माझ्या नावची खोली समुद्राकडची हवी!"

"डिम्फना, पडदे नको काढूस, मला आवडतात ते!"

मॅलकी हसला. जो जे बोलेल त्याला त्याने हसून उत्तर दिलं, आणि लोक म्हणाले, काय दिलदार माणूस आहे, एवढं डोक्यावर आलंय आणि कपाळाला आठी नाही. मिसेस हार्किनने त्याच्या हातात चहा आणि सँडविच दिलं. तो घास त्याच्या तोंडात तसाच फिरत राहिला.

शेवटच्या होलवर दोघं अजून बरोबरीत. दुसऱ्याने चेंडू वाळूत घातला आणि एक फटका गमावला. फिंटनचा चेंडू हिरवळीवर होता, भोकापासून दोन माणसं आडवी झोपतील इतका लांब. घातला तर जिंकला. चुकला तर पुन्हा बरोबरी, आणि मग पुढचं कुणी सांगावं. यूननने मॅलकीचा हात घट्ट धरला होता. त्याचे हात गवताच्या यंत्राने घट्टे पडलेले, खरखरीत.

फिंटन वाकला. डिम्फनाच्या टेबलावर पाय हलवत बसणारं ते पोर, आता बत्तीस वर्षांचं, ओठ दाबून उभं. त्याने फटका मारला. चेंडू निघाला.

"चूक," मॅलकी म्हणाला. "चूक, चूक, देवा, चुकव."

अगदी पुटपुटत म्हणाला. चेंडू कडेवर गेला, क्षणभर थांबल्यासारखा झाला आणि आत पडला.

सभागृह कोसळेल असा आवाज झाला. खुर्च्या उलटल्या. यूननने मॅलकीला मिठी मारली आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. मॅलकीही रडला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात दोघांचा फोटो होता, खाली लिहिलं होतं: आनंदाश्रू.

घरी जाताना रस्त्यात हॉर्न वाजत होते. चर्चच्या फाटकापाशी डिम्फना म्हणाली, "तू काय म्हणालास ते मी ऐकलं."

"कधी?"

"चेंडू चालला होता तेव्हा."

मॅलकी खाली बघत चालत राहिला. "मग?"

"मग काही नाही. मीही तेच म्हणत होते."

आयर्लंडच्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे पैजेचे पैसे कोर्टात जाऊन वसूल करता येत नसत. बुकीने हात वर केले तर माणसाने चिठ्ठीची विडी वळून ओढावी, एवढंच. डिम्फनाला हे माहीत होतं. तिने रात्री ते एकदाच काढलं.

"कुणी तुला हात लावू शकत नाही."

"माहितेय."

"थोडं थोडं दे. चौथा हिस्सा दे प्रत्येकाला. समजून घेतील. शेजारी आहेत आपले."

"समजून घेतील," मॅलकी म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं. सकाळी दुकान उघडायला जाताना त्याच्या मनात पक्कं होतं की कुणीतरी एक जण पुढे येईल आणि म्हणेल, मॅलकी, हे वेड्यासारखं आहे, आपण सगळे मिळून काहीतरी ठरवू. मग तो म्हणेल, नाही, दिला शब्द तो दिला. मग ते आग्रह करतील. कोण आधी बोलेल याचाही त्याने अंदाज बांधला होता. मिसेस हार्किन, नाहीतर फादर.

रांग औषधाच्या दुकानाच्या पुढे गेली होती. काहींच्या हातात झेंडे. सगळे खुशीत, एकमेकांना ढकलत, चिठ्ठ्या हलवत. मॅलकीने बँकेतून होते नव्हते ते आणले होते. ते अकराच्या चहापर्यंत संपले. उरलेल्यांना त्याने चिठ्ठीमागे सही करून तारीख घालून दिली.

"घाई नाही रे," पकी खाटीक चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवत म्हणाला. "शुक्रवारपर्यंत दिलेस तरी चालेल."

मिसेस हार्किन म्हणाली, "मी नसतेच आले, पण बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे." फादर देवेनी संध्याकाळी मागच्या दाराने आले. "चर्चचं छप्पर गळतंय, मॅलकी. माझ्यासाठी असतं तर गोष्ट वेगळी होती." प्रत्येकाला काहीतरी कारण होतं आणि कुणाचंही कारण खोटं नव्हतं. बंदरावरची म्हातारी शिला बॉनर तेवढी आली नाही. तिचे दोन पौंड होते. मॅलकीने रात्री डिम्फनाला सांगितलं, "शिला नाही आली. बघ, एक तरी निघाली." बुधवारी ती धापा टाकत आली. चिठ्ठी हरवली होती, सगळं घर धुंडाळलं होतं. चिठ्ठीशिवाय मिळतील का, तिने विचारलं. त्याला तिची चिठ्ठी आठवत होती. त्याने नवी चिठ्ठी सही करून दिली.

यूनन मात्र आला नाही. सोमवारी नाही, बुधवारी नाही, पुढचा आठवडाही नाही. मॅलकीच्या मनात आशेची पालवी फुटली. शेवटी तोच मैदानावर गेला. यूनन यंत्रांच्या पत्र्याच्या खोलीत पाती घासत बसला होता.

"बस," यूनन म्हणाला. "चहा आहे थर्मासमध्ये."

मॅलकी उलट्या बादलीवर बसला. "तुझी चिठ्ठी राहिलीये."

"राहिलीये."

"पन्नास हजार आहेत, यूनन."

"शाळेत गणितात तू माझं बघून लिहायचास. मला ठाऊक आहे किती आहेत."

मॅलकी वाट बघत राहिला. पात्यावर कानस फिरत होती. शेवटी तोच म्हणाला, "घर जाईल माझं."

कानस थांबली. "मग मी काय करू असं म्हणणं आहे तुझं?"

"माझं काही म्हणणं नाही."

"आहे. ते म्हणायलाच आलास तू. तोंडाने म्हण की." यूनन उठून उभा राहिला. "दहा वर्षं, मॅलकी. दर स्पर्धेला दहा पौंड. बेर्नीचे पाय सुजेपर्यंत ती चादरी बदलत होती, आणि मी तुझ्या खिडकीत नोट सारत होतो. पोर शुक्रवारी गळलं की शनिवारी तू मला पबमध्ये ग्लास पाजायचास, पाठीवर हात ठेवायचास. पुढच्या वेळी, यूनन, पुढच्या वेळी. एकदा तरी म्हणालास, हे घे तुझे दहा, मित्राचे पैसे काय घ्यायचे?"

ते कधी मॅलकीच्या डोक्यातच आलं नव्हतं, हेच खरं उत्तर होतं.

"मी म्हणालो होतो दहाच लाव म्हणून," तो कसाबसा म्हणाला.

"म्हणालास. आणि मग शंभर घेतलेस. मी हरलो असतो तर ते शंभर परत देणार होतास?"

बाहेर कुणीतरी खेळणारे हसत गेले. यूनन पुन्हा बसला, पातं मांडीवर घेतलं. "घर विकेपर्यंत थांबतो मी," तो म्हणाला. "मला काही घाई नाही. पण सोडणार नाही. मी आयुष्यात एकच गोष्ट बरोबर ओळखली, मॅलकी. ती मी सोडणार नाही."

चहा न पिताच मॅलकी परत आला.

फिंटन करंडक घेऊन गावात आला तेव्हा उघड्या बसमधून मिरवणूक निघाली. समितीने मॅलकीकडे पावती आणली होती, सत्काराच्या वर्गणीची. डिम्फनाने दार लावून घेतलं. दोघं मागच्या खोलीत बसून राहिली आणि बॅगपाइपचा आवाज जवळ आला, मग लांब गेला.

दुसऱ्या दिवशी फिंटन स्वतः आला. बागेत 'विकणे आहे' ची पाटी लागली होती. तिच्या बाजूने तो वाकून आत आला. डिम्फनाने सवयीने हॅम कापायला घेतलं, ताटली त्याच्या नेहमीच्या जागेसमोर ठेवली. आदल्या रात्री नवराबायकोंचं बोलणं झालं होतं. पोराने आपणहून काही देऊ केलं तर घ्यायचं, लाजायचं नाही. मॅलकीने शब्द दिला होता.

"बाबांनी सांगितलं मला," फिंटन म्हणाला. "मी चेकबुक आणलंय. किती कमी पडतात तेवढं सांगा, मॅलकी."

डिम्फनाचा सुरी धरलेला हात थांबला. मॅलकीने तोंड उघडलं.

"पण आधी एक विचारू?" फिंटनने हॅम चिवडत विचारलं. "बाहेरचे दीडशे देत होते. लंडनमधले लोक, ज्यांनी मला कधी पाहिलं नाही. तुम्ही मला रोज पाहत होता. आणि तुम्ही पाचशे?"

"अरे, ते प्रेमाने," मॅलकी म्हणाला. "गावचं पोर म्हणून."

"प्रेमाने? प्रेम असतं तर वीसचा भाव दिला असता. म्हणाला असतात, हा जिंकेल, मला याची भीती वाटते."

"वीस दिला असता तर कुणी लावले असते का!"

तोंडातून निघून गेलं. फिंटनने मान हलवली, जणू त्याला हवं ते मिळालं. तो रागावलाही नाही. त्याने चेकबुक काढलं, पेनचं टोपण काढलं. "सांगा. किती?"

"काही नको," मॅलकी म्हणाला.

"मॅलकी!" डिम्फना म्हणाली.

"काही नको आम्हाला. आमचं आम्ही बघू. चहा पी."

फिंटनने पेनला टोपण लावलं. जाताना त्याने डिम्फनाच्या गालाचं चुंबन घेतलं, मॅलकीशी हात मिळवला. तो वळणावर दिसेनासा झाला तेव्हा डिम्फनाने त्याची ताटली जशीच्या तशी कचऱ्यात ओतली आणि वर जाऊन झोपली. त्यानंतर कित्येक दिवस ती मॅलकीशी बोलली नाही. बोलली तेव्हा म्हणाली, "तू हरलास तेव्हा मी तुझ्या बाजूला होते. या वेळी तू मला हरवलंस."

घर बेलफास्टच्या एका दातांच्या डॉक्टरने घेतलं, उन्हाळ्यात राहायला. शेतावर कुणीतरी सुट्टीचे बंगले बांधले. दुकान एका मोठ्या कंपनीने घेऊन आत गालिचा आणि टीव्ही लावले. तिथे पाटी होती, एका माणसाला जास्तीत जास्त किती मिळेल याची. यूननचे पैसे सर्वांत शेवटी गेले, पण पुरते गेले. त्याने वर्षभर त्यांना हात लावला नाही, मग एक लाल गाडी घेतली.

टार्पी नवराबायको तळलेल्या माशांच्या दुकानावर दोन खोल्यांत राहू लागली. खालून तेलाचा वास यायचा, तो कपड्यांतून जायचा नाही. फिंटनमुळे गावाचं मैदान नावारूपाला आलं, लांबून लोक खेळायला येऊ लागले, आणि गाड्या लावायच्या जागेवर पैसे घ्यायला माणूस हवा होता. समितीने आठवणीने मॅलकीला बोलावलं. "तुझ्याइतका चोख माणूस कुठे मिळणार?" असं पकी खाटीक समितीतर्फे म्हणाला. मॅलकीने ते काम घेतलं. लोक त्याला अजूनही चांगलंच म्हणत, किंबहुना पूर्वीपेक्षा जास्त. पण समोरासमोर आले की कुणाला तरी काहीतरी आणायला जायचं असायचं. डिम्फना पावासाठीसुद्धा बसने लांबच्या लेटरकेनी शहरात जायची.

फिंटन पुन्हा काही जिंकला नाही. मॅलकी दर शनिवारी पेपर उघडून आधी गोल्फचं पान बघायचा. फिंटन गिल्डे गळला, असं दिसलं की त्याला बरं वाटायचं. मग चहा गोड लागायचा. आपल्याला बरं वाटलं याचं वाईट वाटायला हवं, असं तो काही वर्षं म्हणत राहिला. मग तेही म्हणेनासा झाला.

यूननला पोटाचा कर्करोग झाला. बेर्नीने निरोप पाठवला, तो तुझी आठवण काढतो. मॅलकी म्हणाला, उद्या जातो. दुसऱ्या दिवशी गाड्यांची गर्दी होती. तिसऱ्या दिवशी पाऊस होता, तरी तो निघाला, फाटकापर्यंत गेला आणि आत उभी लाल गाडी बघून परत फिरला. त्यानंतर गेला तेव्हा यूनन उशीवर डोळे मिटून पडला होता आणि बोलणं संपलं होतं. मॅलकीने त्याचा हात धरला. ते घट्टे आता मऊ पडले होते. तो वाट बघत बसला, पण हाताने काही ओळख दिली नाही.

मयतीला सगळं गाव होतं. फिंटन दाराशी उभा राहून येईल त्याचा हात हातात घेत होता. मॅलकी रांगेतून पुढे आला.

"तुझ्या दुःखात आम्ही आहोत," तो म्हणाला. सगळे तेच म्हणत होते.

"आलात, बरं वाटलं, मॅलकी," फिंटन म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

आत टेबलाभोवती माणसं चहा घेत होती. पकी रंगात येऊन नव्या पाहुण्यांना त्या रविवारची गोष्ट सांगत होता, चेंडू कडेवर कसा थांबला, यूननने मिठी कुणाला मारली. "आणि तो माणूस," त्याने कप मॅलकीकडे उंचावला, "त्या माणसाने पै न् पै चुकती केली!" पाहुण्यांनी वळून पाहिलं. कुणीतरी टाळीही वाजवली, मग मयत आहे हे आठवून थांबलं.

मॅलकीने कप ठेवला आणि कोट शोधून बाहेर पडला. घरी डिम्फना खिडकीशी बसली होती. ती आली नव्हती.

"कोण कोण होतं?" तिने विचारलं.

"सगळे."

"काही खाल्लंस?"

"नाही," तो म्हणाला, आणि कोट न काढताच खुर्चीत बसला.